शेवंतीची बरणी

कोल्हापूर
२ डिसेंबर २००१

श्री. शशिधर बसाप्पा यांस,

गंगीची विण्याची पेटी. सागवानी, आतून कडेनं चार बोटं उंचीवर गोल दांडी फिरवलेली, म्हणजे कुत्रीनं अंग टाकलं तरी पिल्लू कडेला चेंगरत नाही. कण्या शिजवायची पत्र्याची चूल आणि तिचं धुराडं. कुत्र्यांच्या खोलीची जाळी, वेल्डिंगसकट. त्याच खोलीची फरशी, मोरीकडं पाऊण इंचाचा उतार दिलेली, धुतलेलं पाणी खराट्यानं ढकलावं लागत नाही. रुद्रचा शर्यतीचा पट्टा, दोन पदरी कातडं, सुई चपलेच्या कारागिराची पण टाके माझे. सायकलच्या मोडक्या फ्रेममधून काढलेला सलाईनचा स्टँड. आणि अंगणातली भिंत, तुझी बाजू आणि माझी बाजू, साडेपाच फूट, ओळंब्यात.

हे सगळं माझ्या हातचं. सातवीनंतर मी शाळेत गेलो नाही आणि लेथवर मला कुणी उभं केलं नाही, मी स्वतः उभा राहिलो. तू माझा सख्खा भाऊ, तुला हे नवीन नाही. तरी लिहितो, कारण पुढचं वाचून तू म्हणशील की आण्णानं कुठंतरी हयगय केली असणार. हयगय झालेली नाही.

गंगीची पिल्लं गेली. सहा होती, पाच गेली. एक मादी उरली आहे, सगळ्यांत बारकी, डाव्या कानाच्या टोकाला पांढरा ठिपका. आप्पांनी नेसरीहून कांबळ्यात बांधून आणलेल्या कारवानी कुत्रीची ही थेट ओळ, मध्ये कुठं परकं रक्त नाही. ती या एका पिल्लावर येऊन थांबली आहे. आणि तुझ्याकडच्या शेवंतीवर, पण तिला आता पिल्लं होत नाहीत असं आक्का सांगत होती.

कसं झालं ते लिहितो. आधी दूध टाकलं. मग ओकारी, पिवळा फेस. मग हगवण, आणि लगेच तिला रक्त. वास विसरता येत नाही, गंजक्या लोखंडात काहीतरी कुजत पडल्यासारखा. पिल्लू सकाळी माझा अंगठा चोखत होतं, दुपारपर्यंत कातडी ओढली तर ओढलेली तशीच उभी राहायची, इतकं अंगातलं पाणी गेलेलं. थेंब थेंब मीठ-साखरेचं पाणी पाजलं. सलाईन कातडीखाली दिली, ती मला येते. मेडिकलमधून जंतू मारायची बाटली आणली, तीही दिली. यंदा थंडी एकदम पडली. शिवाय दूधवाला पाणी घालतो, ते कुठलं घालतो कोण बघायला जातंय? डॉक्टर आणला नाही.

भिंतीच्या कडेला पुरली, माझ्या बाजूला.

आप्पांचा रिवाज मी आजवर मोडलेला नाही. आपल्या घरातून पिल्लू विकलं गेलं नाही. नेणारा नारळ आणायचा, मनाला येईल ते ठेवायचा आणि वर एक रुपया. तो वरचा रुपया पिल्लाच्या आईचा. त्याचा गूळ आणून कुत्रीला चारल्याशिवाय पिल्लू उंबऱ्याबाहेर पडत नसे. यंदा गूळ आणायची वेळ आली नाही.

मला एवढंच कळव. शेवंती कशी आहे, खाते काय, आणि तिचं पोट घट्ट आहे का.

तुझं जे पोस्टानं आलं होतं ते मी परत केलं. त्यावर बोलायला हे पत्र नाही.

शिवशरण

•

कोल्हापूर
९ डिसेंबर २००१

शशिधर,

तुझं कार्ड मिळालं. "शेवंती ठणठणीत आहे, दरवर्षी इंजेक्शन देतो, तिथं नेमकं काय झालं?" एवढ्या तीन गोष्टींत दुसरी लिहायची गरज नव्हती. ती मला टोचावी म्हणून लिहिलीस. तीन वर्षांपूर्वी मी पन्हाळ्याला कामावर होतो तेव्हा माझ्यामागं डॉक्टर आणून तू सगळ्या कुत्र्यांना लस टोचलीस, त्यावरून जे बोलणं झालं ते झालं. मी भिंत घातली, तू धारवाडला बदली घेतलीस आणि शेवंतीला नेलंस. माझं मत अजून तेच आहे. धडधाकट जनावरात बाहेरचा रोग कशाला घालायचा? गंगी तेव्हा जन्मली नव्हती. तिला मी काही टोचलेलं नाही.

पण तू "नेमकं" विचारलंस, म्हणून नेमकं लिहितो.

आठवतं का, म्हशीनं रवंथ सोडला की आप्पा काय करायचे? धडधाकट म्हशीच्या जबड्यात हात घालून तिच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढायचे आणि आजारी म्हशीला चारायचे. दोन दिवसांत म्हैस उभी. मी तेव्हापासून विचार करत होतो की त्या गोळ्यात असं काय असतं. गवत तर दोघींचं एकच. म्हणजे गवत नव्हे, गवतात जे जिवंत असतं ते. पोटाला कामाची माणसं लागतात आणि ती माणसं एका पोटातून दुसऱ्यात नेता येतात. हे मी कुठं वाचलेलं नाही.

कुत्रं रवंथ करत नाही. मग त्याच्या पोटातली माणसं कुठं सापडणार? तर शेवटी. मागल्या वर्षी हुपरीचा गुंडू, पैंजणं करणारा, त्याचा अल्सेशियन घेऊन आला. आधी कुणी तरी बाटल्यांवर बाटल्या औषध पाजलेलं, जंतू मेले पण कुत्र्याला महिनोन् महिने पाण्यासारखं होत होतं, बरगड्या मोजून घ्याव्यात. मी रुद्रची शी घेतली, ताज्या ताकात कालवली, फडक्यातून गाळली आणि त्याला पाजली. आठवड्यात घट्ट. गुंडूनं अख्ख्या हुपरीत माझं नाव केलं. मग लोक येऊ लागले. माझा लेथ बाजूला राहिला आणि दारात कुत्री बांधलेली.

तुझ्या वहिनीनं, शांतादेवीनं, तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही. "इभूत लावलेल्या हातानं कुत्र्याचं हगणं कालवताय," म्हणाली. मग आपल्या आईचं नाव काढलं, "अव्वा असत्या तर तुमाला मोरीत जेवाय वाढलं असतं." मी म्हणालो, दह्यात तरी काय असतं, तेच असतं. तर दुसऱ्या दिवशी घरात दही लावायचंच बंद केलं तिनं.

या पिल्लांचं दूध तुटायची वेळ आली. त्या वेळी पिल्लांचं पोट बिघडतं, हे मी दर वेताला बघितलेलं. म्हणून या वेळी बिघडायची वाट बघितली नाही. आधीच पोट भरभक्कम करून ठेवू म्हटलं. सहाही पिल्लांना रुद्रचं दिलं. रुद्र नुकताच जत्रेची शर्यत मारून आलेला. त्याच्यासारखं पचन मी दुसऱ्या कुत्र्याचं बघितलेलं नाही. आल्यावर त्याला एक दिवस थोडं पातळ झालं, ते प्रवासाचं. लगेच सुधारला. मी त्याचं नीट सुधारल्यावरच घेतलं.

हे झालं नेमकं. यात हयगय कुठं दिसते ते मला दाखव.

बारकी अजून आहे. ओकारी थांबली, रक्तही थांबलं, पण पोट धरत नाही. जे पाजावं ते तसंच खाली. शांतादेवी तिला पदरात घेऊन चुलीशी बसलेली असते, ती, जिनं कधी कुत्र्याला घरात घेतलं नव्हतं.

शिवशरण

•

कोल्हापूर
१४ डिसेंबर २००१

शशिधर,

काल हुपरीहून गुंडू आला. हातात पोतं. मी लेथवर होतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मेस्त्री, तुमचं औषद लागू पडलं."

त्यानं अल्सेशियनला जोडीदार म्हणून एक पिल्लू घेतलं होतं. तीनेक आठवड्यांपूर्वी ते माझ्याकडं आणलं, म्हणाला, ह्याचंबी पोट पक्कं करून द्या. मी दिलं. ते मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

म्हणाला, "माज्या पोरीनं आपल्या हातानं चांदीचं घुंगरू जोडलं हुतं त्याच्या पट्ट्याला. कोपऱ्यात बसल्या. जेवत न्हाई."

मी म्हणालो, गुंडू, दोन गोष्टींचा संबंध जोडायचा तर पुरावा लागतो.

"पुरावा पोत्यात हाय. बगता?"

मी बघितलं नाही. तो पोतं घेऊन आला तसा गेला. दारात एक माणूस पोमेरियन घेऊन बसला होता, त्यानं सगळं ऐकलं. तोही उठला. जाताना उगाचच म्हणाला, "येतो परत, मालक." तो येणार नाही.

संध्याकाळी घरी आलो तर बारकी नाही, शांतादेवी नाही. तिनं भाजीच्या बुट्टीत टॉवेल घालून पिल्लू जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं, मला न विचारता. मी मागोमाग गेलो. डॉक्टरीण नवीन आहे, वर्षाराणी नावाची, गडहिंग्लजकडची, वयानं लहान. मी आत गेलो तेव्हा ती पिल्लाच्या हिरड्या बघत होती.

"इंजेक्शन दिलंयसा काय, काका?"

नाही.

"का?"

म्हणालो, आमच्यात देत नाहीत.

"तुमच्यात म्हंजे कुणाच्यात? कुत्र्यांच्यात?"

शांतादेवी हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा हसली असेल, तेही माझ्यावर, परक्यासमोर.

मग डॉक्टरणीनं सांगितलं ते लिहितो. तुला बहुतेक माहीत असेल, मला नव्हतं. हा पार्वो. विषाणू. तो आतड्याच्या आतल्या अस्तरावर बसतो आणि ते अस्तर सोलून काढतो, घरातला गिलावा खरवडावा तसं. पण पिल्लू बऱ्याच वेळा त्यानं मरत नाही. आतड्यात आपले जंतू असतात, चांगले, रोजचे, ज्यांच्यावर मी इतका विश्वास टाकला ते. अस्तर शाबूत आहे तोवर ते आपल्या जागी असतात, अन्न पचवतात. अस्तर गेलं की तेच रक्तात उतरतात. "मारत्यात ते घरचेच, काका," म्हणाली. "बाहेरचा नुस्ता दार उघडून देतोय."

हगवणीबरोबर तो बाहेर पडतो. चिमूटभर शीमध्ये लाखोंनी असतो. धडधाकट मोठ्या कुत्र्याला नुसतं एक-दोन दिवस पातळ होतं, कधी तेही होत नाही, पण त्याच्या शीतून तो पडतच राहतो. फिनेलनं मरत नाही. मी फरशी रोज फिनेलनंच धुतली होती. ब्लीचिंग पावडर लागते.

तिनं विचारलं, घरात दुसरं कुत्रं आहे का. मी रुद्रचं सांगितलं. जत्रेचंही सांगितलं, विचारलं म्हणून. मग पिल्लांना काय दिलं ते शांतादेवीनं सांगितलं. मी सांगणारच होतो.

डॉक्टरीण म्हणाली, "म्हंजे तो जत्रंत्नं आला, पोट बिगडलं, आनि तुमी त्याचंच..."

ती पुन्हा पिल्लाकडं वळली.

मी तिला आप्पांचा रवंथ सांगितला, म्हणजे तिला कळावं की ही गोष्ट काही वेडगळपणातून आलेली नाही. ती म्हणाली तिचे आजोबाही म्हशींना तेच करायचे. "कल्पना खोटी न्हाई, काका. पण बी कुठलं घेतोय ते बगाय नगो?" आणि मग म्हणाली, आता या पिल्लाच्या पोटात वाईट मेलंय तसं चांगलंही मेलंय. रोगानं अर्धं मारलं, मेडिकलच्या बाटलीनं उरलेलं. औषधं देऊन ती बघणारच आहे, पण ओसाड पोटात काहीतरी पेरायला हवं. पुस्तकात याला ठाम आधार नाही, खात्री ती देणार नाही, पण करून बघायचंच असलं तर तिच्यासमोर. "दरवर्षी लस दिलेलं, जंताचं औषद दिलेलं, कुटं जत्रंला न फिरणारं कुत्रं हाय का तुमच्या वळखीत?"

मी म्हणालो, नाही.

घरी येऊन हे लिहायला बसलो.

तर आता काय करायचं ते नीट वाच. काचेची बरणी घे. लोणच्याची असली तरी चालेल, पण मोहरीचा वास जाईपर्यंत उकळ, मग उन्हात उपडी वाळव, पुसू नको. धातूचा डबा नको. शेवंती सकाळी पहिल्यांदा जाते ते घ्यायचं, माती न लागलेला मधला भाग, लिंबाएवढा. झाकण लावून बरणी पिशवीत, पिशवी बर्फात, बर्फ बरणीला थेट लागू द्यायचा नाही, मध्ये फडकं. सकाळच्या कोल्हापूर गाडीला दे. ड्रायव्हरच्या मागं ठेवायला सांगू नको, तिथं इंजिनाची धग येते. मधल्या सीटखाली. कंडक्टरनं विचारलं तर औषध म्हण. खोटं नाही ते.

शेवंतीला गेल्या वर्षीची लस चुकली नव्हती ना? तारीख कळव.

आण्णा

•

कोल्हापूर
२० डिसेंबर २००१

शशिधर,

बरणी पोचली. मी स्टँडवर गाडी यायच्या बऱ्याच आधी जाऊन उभा होतो. कंडक्टरनं खिडकीतूनच पिशवी वर धरली आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा ओरडला, "कोल्हापूरचं शिवशरण कोण? पावणं, धारवाडचं पेढं आल्यात की तुमचं! वास तरी घेऊ द्या एक!"

मी म्हणालो, वास घेऊ नका.

"आँ? एवडं बी न्हाई? भारीच चिक्कू पावणं हायसा!"

शेजारची माणसं हसली. मला त्याचा राग आला नाही, आणि का आला नाही याचं मला नवल वाटलं. बर्फ अर्धा वितळला होता पण फडकं कोरडं होतं. बांधणी नीट केलीस. बरणीत मोहरीचा वास नव्हता. शेवंतीचं लशीचं कार्डही फडक्यात घडी घालून ठेवलं होतंस, दरवर्षीचा शिक्का, एकही चुकलेला नाही. पत्र मात्र नव्हतं. मी फडकं झटकून बघितलं.

दवाखान्यात डॉक्टरणीनं आधी कार्ड वाचलं, मग बरणी उघडली. सलाईनच्या पाण्यात कालवून गाळलं. तोंडातून नको म्हणाली, पोटातलं आम्ल मारून टाकेल, मागून सोडूया. तिच्याकडची नळी पिल्लाला जाड होती. मी खिशातून माझी काढली, रेडिओच्या वायरवरचं मऊ वेष्टण, उकळून, टोक ज्योतीवर गोल करून आणलेलं. तिनं ती बोटांत फिरवून बघितली आणि वापरली. शांतादेवीनं पिल्लू धरलं. इभूत लावलेले हात तिचेही होते.

दोन वेळा केलं. उरलेलं बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी.

परवा पहाटे मी विहिरीवर होतो तर शांतादेवी मागच्या दारातून हाका मारतेय. "अवो! या की हिकडं! घट्ट झालं!" शेजारच्या अंबूबाई मागच्या कुंपणावरून डोकावल्या, "काय गं घट्ट झालं? खवा काय?" शांतादेवी हसता हसता उंबऱ्यावर बसली आणि मग पदर तोंडाला लावून तशीच बसून राहिली. मी जाऊन बघितलं. करंगळीएवढं, मऊ, पण आकार धरलेलं, रंग हवा तसा. रक्त नाही, शेंबूड नाही.

बारकी त्यानंतर ताकातल्या कण्या चाटायला लागली आहे. उभी राहते, मागचे पाय थरथरतात. जगेल असं मी लिहीत नाही. डॉक्टरीण म्हणाली, सोललेलं आतडं पहिल्यासारखं भरतंच असं नाही, आयुष्यभर हलकं खावं लागेल, आणि वर्ष निघालं तर निघालं.

रुद्रला लस दिली. गंगीलाही. माझ्या देखत. बिल मी दिलं. तुला हे कळवायला लिहीत नाही, ओघात आलं.

गंगीचं एक लिहायचं राहिलं. ती रोज भिंतीच्या कडेला जाऊन उकरते. मी वर फरशा ठेवल्या तर फरशीच्या कडेनं उकरते. नखं फुटली. तिला बांधून ठेवलं तर ओरडत नाही, नुसती त्या बाजूला तोंड करून बसते. अंगातलं दूध आटायचं होतं ते आटलं, पण सड अजून धरून आहेत.

हुपरीला जाऊन आलो. गुंडू घरी होता. त्यानं बसायला सांगितलं नाही. त्याची पोरगी दारात आली, मला बघून आत गेली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून रुद्रचं आणि जत्रेचं सांगितलं, जसं आहे तसं. तो पैंजणाच्या कड्या जुळवत होता, मान वर केली नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "मेस्त्री, हे मला कशाला सांगताय? म्या तर तवाच सांगिटलं न्हवं तुमास्नी."

आण्णा

•

कोल्हापूर
३ जानेवारी २००२

तम्मा शशिधर,

हे पत्र शांतादेवी तुला हातात देईल. तिच्याबरोबर बुट्टी आहे. बुट्टीवरचं फडकं घाईनं ओढू नको, ती उजेडाला दचकते.

मी तिला इथं ठेवू शकत नाही. डॉक्टरीण घरी येऊन सगळं बघून गेली. हा रोग मातीत वर्षभर टिकतो, कधी जास्तही. फरशी ब्लीचिंगनं धुता येईल, माती धुता येत नाही. एक वर्ष या आवारात पिल्लू आणायचं नाही, जन्मूही द्यायचं नाही. बारकीला हा रोग पुन्हा होणार नाही, ती त्यातून निघाली आहे, पण तिचं आतडं आत्ता कोवळं आहे आणि इथल्या मातीत आता आणखी काय काय आहे ते सांगता येत नाही. तिला स्वच्छ जागी हलवा म्हणाली.

मी म्हणालो, भिंतीपलीकडची बाजू माझ्या भावाची आहे. तीन वर्षं तिकडं कुत्रं गेलेलं नाही. तिथं ठेवतो.

ती मोरीपाशी गेली. वाकून बघितलं. "हे पाणी कुटं जातंय, काका?"

मोरी भिंतीखालून तुझ्या बाजूला जाते. भिंत घातली तेव्हा मी पाण्याला वाट तिकडंच ठेवली होती, उतार तिकडंच होता म्हणून. पाऊण इंच. एक थेंब माझ्याकडं राहिला नाही, सगळं धुतलेलं तुझ्या परसात. तिथं हळदीचा वाफा होता तुझा. तिथली माती डॉक्टरणीनं बुटाच्या टोकानं उकरली आणि बूट ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवला.

पेटी जाळली. सागवान आहे, धुऊन चालेल का विचारलं, तर लाकडाच्या रेघांत राहतं म्हणाली. पुष्कळ वेळ जळत होती. दांडी शेवटी पडली. रुद्रचा पट्टाही टाकला, कातडं पेटत नाही, नुसतं आक्रसतं. जाळी ठेवली आहे, चूल ठेवली आहे, सलाईनचा स्टँड डॉक्टरणीला दिला, तिच्या दवाखान्यात खिळ्याला बाटली टांगत होते. रुद्र आता कुठल्या जत्रेला जाणार नाही. गंगी उकरते.

शांतादेवी निघताना म्हणाली, "तुमी का येत न्हाईसा संगं?" मी म्हणालो, गंगीकडं कोण बघणार? ती म्हणाली, "गंगीचं निमित्त बरं हाय. तुमच्या हाताला सगळं येतंय. तेवडं एक दार ठोठवाय येत न्हाई." बुट्टी उचलून चालायला लागली. मी बुट्टीला दोन्हीकडून कातड्याचे पट्टे लावून दिले आहेत, गाडीच्या हिसक्याला कलंडू नये म्हणून. ते तेवढे बघ, टाके नीट बसलेत.

बारकीला कण्या मऊ शिजवून, ताक आंबट नको, थोडं थोडं, पोटाला तडस लागू द्यायची नाही. पहिले काही दिवस शेवंतीची शी तिच्या पुढ्यात आली तर हाकलू नको, हुंगू दे, चाटली तरी चाटू दे. लस डॉक्टर सांगेल तेव्हा दे. मला विचारायचं कारण नाही. नाव ठेवलेलं नाही. घरात आम्ही बारकीच म्हणतो, ते काही नाव नव्हे.

नारळ पाठवू नको. वर काही ठेवू नको. शांतादेवीच्या हाती तर मुळीच देऊ नको.

ते पोस्टाचं राहिलंच आहे, ते लिहून पत्र संपवतो. पिल्लांचे डोळे उघडायच्या आत तुझी मनीऑर्डर आली होती. खालच्या कोऱ्या जागेत तू लिहिलं होतंस, आण्णा, गंगीची एक मादी मला दे, नाव मी ठेवीन. पोस्टमननं कट्ट्यावर बसून नोटा काढल्या. मी त्याला म्हणालो, भावाला कुत्री विकायचा धंदा मी करत नाही, आल्या वाटेनं परत पाठवा. तो म्हणाला, "मालक, एकदा मोजून तर बगा." मी मोजलं नाही. आकडा फॉर्मवर होता आणि मी तो वाचलेला होता. मी तेव्हा हो म्हटलं असतं तर ती मादी दूध तुटायच्या वेळी तुझ्याकडं असती, रुद्रच्या जत्रेआधी.

पाचशे एक रुपये.